फुगीर अक्षरे

जिन्याच्या तोंडाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी होती. ती नव्याने रंगवून आली तेव्हा वाल्मीक ओव्हाळचे नाव तिच्यावर 'व्ही. भिकाजी' असे झाले होते. ऑफिसला निघताना ते त्याच्या नजरेस पडले आणि आधी त्याला वाटले, वर कुणी नवा भाडेकरू आला असावा, मद्रासकडचा वगैरे. मग उमगले. भिकाजी आपल्या बापाचे नाव. पेंटर चुकला असेल म्हणून तो घरमालकांना सांगायला गेला. ते गॅलरीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, त्याला खुर्ची दिली आणि अगदी घरच्या माणसाच्या आवाजात सांगितले की चूक नाही, आपणच पेंटरला तसे लिहायला सांगितले. येणारेजाणारे पाटी वाचतात, नको त्या चौकशा करतात, मराठवाड्यात काय चालले आहे ते आपण रोज वाचतोच. तुम्हाला कशाला उगीच त्रास? शिवाय माणूस तोच राहतो. मग आतून चहा आला, चांगल्या कपात आला. वाल्मीकने तो प्यायला, "बरं केलंत" म्हणाला आणि जिना उतरला.

हे 'बरं केलंत' आपल्या तोंडून कसे निघाले ते त्याला विमा कचेरीपर्यंत सायकल मारताना कळेना. लहानपणी मुळशीत कुणी अंगावर ओरडले की निदान पळता यायचे. राग सरळ यायचा, पायांत उतरायचा, ओढ्यापर्यंत धावले की जिरायचा. ह्या चहाचे काय करायचे? तो दिवसभर पोटात गोड लागत राहिला. पॉलिसीच्या कागदांवर तो दुसऱ्यांची आडनावे लिहीत होता, साने, कुलकर्णी, पासलकर, ढमाले, आणि प्रत्येक आडनाव कसे स्वस्थ बसलेले आहे, कुणाची परवानगी न घेता, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होते. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितले. प्रभावती बोपोडीत वाढलेली, महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. ही खोली मिळायच्या आधी आपण किती दारांवरून परत आलो ह्याची तिने त्याला आठवण करून दिली. "पगार पुऱ्या नावानं येतो ना?" ती म्हणाली. "मग पाटीवर काही का असेना." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला अधिक लागले. ती त्याच्याआधीच कधीतरी ह्या सगळ्याशी समझोता करून बसली होती आणि त्याला तिने कळू दिले नव्हते.

ते चित्र त्याला त्याच आठवड्यात सापडले. केस कापायला गेला होता, नंबर यायला वेळ होता, बाकावर जुनी इंग्रजी मासिके पडली होती. त्यातल्या एकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा होता. डबा म्हणजे सगळी अक्षरेच. खिडक्यांवरूनसुद्धा गेलेली, भाकरीसारखी टम्म फुगलेली, एकमेकांच्या अंगावर रेललेली, लाल, जांभळी, पिवळी, प्रत्येकाच्या मागे काळी सावली. खाली छापले होते की तिथली गरीब वस्तीतली पोरे आपली स्वतःची नावे अशी लिहितात, रेल्वेवाले धुऊन काढतात, पोरे परत लिहितात. बाहेरच्या माणसाला ती वाचताही येत नाहीत. वाल्मीकने ते पान पुन्हा पुन्हा पाहिले. एकही नाव त्याला लागले नाही. पण नाव आहे हे दिसत होते. पाच-सहा माणसे एका वेळी आत बसतील एवढे मोठे नाव. न्हाव्याने हाक मारली तेव्हा त्याने ते पान मागून घेतले आणि घडी करून खिशात ठेवले. न्हावी म्हणाला, घ्या की, रद्दीच आहे.

पुढच्या रविवारी दुपारी प्रभावती आईकडे गेली होती. त्याने कॅलेंडरची जुनी पाने काढली, पाठकोरी, आणि आडनाव काढायला बसला. आधी ओ. त्याला वाटले होते, अक्षर येतेच, त्याला नुसते जाड करायचे. पण जाड केलेला ओ सुजल्यासारखा दिसू लागला, गालगुंड झालेल्या माणसासारखा. व्हा तर चिकटून गोळाच झाला. मग त्याच्या ध्यानात आले की आधी नेहमीसारखे बारीक अक्षर हलक्या पेन्सिलीने काढायचे, ते हाड. मग त्याच्या चारी बाजूंनी सारखे अंतर ठेवून दुसरी रेघ फिरवायची, ते मांस. आणि मग आतले हाड खोडून टाकायचे. खोडले की पोकळ, हलके, फुगलेले अक्षर उरायचे, आत रंग भरता येण्याजोगे. हे कुणी सांगितले नव्हते आणि ते आपल्याला सापडले ह्याचा त्याला एवढा आनंद झाला की तो उठून खोलीत फिरून आला. ळ सगळ्यात चांगला जमला. त्याची दोन पोटे आधीच फुगीर होती. अडचण वरच्या रेघेची होती. ती सरळ ठेवली की अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत, काढून टाकली की खाली घरंगळत. शेवटी त्याने तिलाच जाड केले, मधे वाकवली, ओली फळी वाकते तशी, आणि अक्षरे तिच्यावर भार टाकून एकमेकांना रेलून उभी केली. उजव्या अंगाला काळी सावली दिली आणि ओव्हाळ कागदातून उठून पुढे आले. तो मागे सरकून बघत राहिला. दार कुणी वाजवले असते तर त्याने कागद उलटा केला असता, हेही त्याला त्याच वेळी कळले. पण उलटा करायची गरज नव्हती. ते कुणाला वाचता आलेच नसते.

प्रभावतीने पाहिले तेव्हा तिला वाटले नक्षी आहे. त्याने सांगितले नाही. दर रविवारी तो काढत राहिला. हात वळू लागला. ऑफिसात बिलाच्या मागे, टेलिफोनच्या वहीच्या कडेला त्याची बोटे हाड आणि मांस करू लागली. शेजारच्या टेबलावरचे ढमाले एकदा वाकून म्हणाले, ओव्हाळ, फुले छान काढता, आणि वाल्मीक हसला. त्या हसण्यात त्याला एक चोरटे सुख होते. तुमच्या नाकासमोर लिहितोय, आणि तुम्हाला दिसत नाही. त्याला वाटे, त्या डब्यावरच्या पोरांनाही असेच वाटत असणार. रेल्वेवाले त्यांची नावे धुऊन काढत होते आणि इथे तर कुणी धूतही नव्हते, हा फरक तेव्हा त्याच्या ध्यानात आला नाही.

भाताची झोडणी उरकल्यावर धाकटा भाऊ कोंडाजी नवा आंबेमोहोर घेऊन पुण्याला आला. तो गावीच राहिला होता, वाट्याने शेत करी, उरलेले दिवस मजुरीला जाई. जेवताना त्याने सांगितले की समाजमंदिराची रस्त्याकडची भिंत गिलावा करून, चुना लावून तयार झाली आहे. मागच्या साली तिच्यावर कोळशाने 'भीमनगर' लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर शेण फासलेले होते. कुणी केले ते सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीच पाहिले नव्हते. माजी सरपंच हैबतराव तेव्हा समजूत घालायला आले होते. मंदिराच्या जोत्याला मुरूम त्यांनीच दिला होता, त्यामुळे त्यांचे ऐकून घ्यावे लागे. ते म्हणाले होते, नाव आत लिहा की, मोठे लिहा, कोण अडवतेय. रस्त्यावरून सगळे गाव जाते, उगा डोळ्यांवर कशाला. पण नाव रस्त्यासाठीच हवे होते. मूळ वस्ती धरणात गेल्यापासून वर सरकलेल्या ह्या घरांना गावाच्या तोंडी नावच नव्हते. एस.टी.चा कंडक्टर अजूनही 'म्हारवाडा, कोन हाय?' अशी हाक देई. कॉलेजात असताना वाल्मीक त्या हाकेला उठत नसे. पुढच्या थांब्यावर, गावात उतरून उन्हातून मागे चालत येई, आणि आई विचारी, गाडी थांबली न्हाई व्हय? हे त्याने कोंडाजीला कधी सांगितले नव्हते. कोंडाजी हात धुऊन आला आणि टेबलावरचा कागद त्याने उचलला. आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. ही अक्षरे आहेत असे वाल्मीकने सांगितले तेव्हा त्याने तो परत टेबलावर सपाट ठेवला. मग विचारले, शहरात आता असे लिहितात का? वाल्मीक म्हणाला, अमेरिकेत लिहितात. "मंग तूच ये दादा," कोंडाजी म्हणाला. "असं लिव की बघनाऱ्यानं तोंडात बोट घातलं पायजे."

त्याने रजा टाकली. तेलरंगाचे डबे, ब्रश, पुसायला जुने धोतर घेऊन तो गेला. धरणाचे पाणी काठोकाठ होते, खाचरे कापून मोकळी झाली होती, पेंढ्याच्या वासाने हवा जड होती. भिंत त्याला वाटली होती त्यापेक्षा फार मोठी निघाली. कागदावर बोटे फिरतात, इथे सगळा हात खांद्यातून फिरवावा लागत होता, आणि शिडीवरून अक्षर एका वेळी पुरते दिसतच नव्हते. खाली उतरायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, बघायचे, परत चढायचे. भीची वेलांटी त्याने छत्रीसारखी ताणून सगळ्या नावावर धरली. म रेलला नवर, नच्या पोटात गचा काना घुसला, र सगळ्यांच्या पुढे पाय टाकून निघाला. हाडे निळी काढली होती, ती आतल्या पिवळ्या रंगाखाली बुजवली. दुसऱ्या दिवशी काळी सावली भरली तेव्हा सगळी भिंत फुगून रस्त्यावर आल्यासारखी झाली. वस्तीतली माणसे गोळा झाली होती. एस.टी. गेली तेव्हा खिडक्यांतली तोंडे वळली, आणि वाल्मीकने ब्रश खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो जे वाटत होते तेवढे मोठे काहीतरी करत होता.

तेव्हा आई आली. सारजाबाई गेली दोन वर्षे प्रौढांच्या वर्गाला जात होती. वर्ग ह्याच समाजमंदिरात भरे. तिला वाचता येऊ लागले होते आणि तिला त्याचे वेडच लागले होते. साबणाच्या वेष्टनापासून गाडीच्या पाटीपर्यंत दिसेल ते ती बोट हवेत धरून, एकेक अक्षर उच्चारून वाची, आणि शेवटचे अक्षर लागले की सगळा शब्द एकदम म्हणून आजूबाजूला बघे. आता ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने बोट वर केले. वाल्मीक हात पुसत तिच्या शेजारी गेला. ती पहिल्या अक्षरापाशी थांबली, ते सोडून दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली. "ह्यो न का?" तिने विचारले. तो भ होता. त्याने तिचा हात धरला, तिचे बोट लांबून अक्षराच्या कडेने फिरवले, हा बघ भ, ही वेलांटी, इथे भ संपला. ती मान हलवत राहिली, डॉक्टर सांगतो ते ऐकून घेतात तशी. मग तिने बोट सोडवून घेतले. "मास्तरानं शिकिवली ती अक्षरं निराळी हायेत का?" ती म्हणाली. तो नाही म्हणाला. तीच आहेत. "मला वाटलं मला आता येतंय वाचाया," ती म्हणाली, आणि पदराने बोट पुसले, त्याला काही लागल्यासारखे, आणि गोठ्याकडे गेली.

तो तिथेच उभा राहिला. उन्हात रंगाला वास सुटला होता. त्याला भिंतीवर अक्षरे दिसत होती कारण त्याला ती माहीत होती. आता त्याने ती माहीत नसल्यासारखे पाहायचा प्रयत्न केला, आणि एक क्षण ते जमले: फुगे, आतडी, भोपळे, कशावर तरी काहीतरी रेललेले. त्याला घरमालकांचा चहा आठवला. त्यांनी नाव खोडले होते आणि आपण रंगवले, आणि दोन्हीकडे वाचणाऱ्याला सारखेच दिसत होते. ढमाल्यांना फुले दिसली तेव्हा आपण हसलो होतो. आईला काय दिसले? ज्या पोरांनी तो डबा रंगवला त्यांच्या आयांना वाचता येत असेल का, असा एक वेडा विचार त्याच्या डोक्यात येऊन बसला आणि हलेना. पण त्या पोरांना कंडक्टरच्या तोंडून नाव वदवून घ्यायचे नव्हते.

चारच्या सुमारास हैबतराव आले. पांढरे धोतर, हातात काठी, बरोबर कुणी नाही. ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून खूप वेळ बघत होते. कोंडाजी आणि वस्तीतले दोघे-तिघे भिंतीपाशी उभे होते. शेणाच्या वेळी जसे उभे होते तसेच. हैबतराव रस्ता ओलांडून आले, त्यांनी वाल्मीकच्या नोकरीची चौकशी केली, पुण्यात खोली कुठे आहे ते विचारले, आणि मग काठीने भिंत दाखवली.

"वेलबुट्टी हाय का ही?"

कोंडाजीने वाल्मीककडे पाहिले. वाल्मीक म्हणाला, "भीमनगर लिहिलंय."

हैबतरावांनी परत वर पाहिले. घाई केली नाही. डोळे बारीक केले, मान एका बाजूला कलती केली. चेहऱ्यावर खरोखरच शोधत असल्याचा भाव होता.

"व्हय? मला न्हाई बाबा दिसत," ते म्हणाले. "दिसत न्हाई तवर ऱ्हाऊ द्या. लई झ्याक काढलंय. कुनी हात लावायचा न्हाई, मी सांगतो गावात."

आणि त्यांनी वाल्मीकच्या पाठीवर थाप मारली. हात जड होता आणि प्रेमळ होता. थाप बसली तेव्हा तो किंचित पुढे झुकला; ते झुकणे नमस्कारासारखे दिसले असणार. ते गेल्यावर कुणी कुणाकडे पाहिले नाही. वस्तीतले म्हातारे साहेबराव, जे वाल्मीकच्या बापाबरोबर दीक्षेला नागपूरला गेले होते, एवढेच म्हणाले की चला, शेण तरी पडायचे नाही. हे त्यांनी समाधानाने म्हटले की टोचून, ते त्यांच्या तोंडावरून समजले नाही.

कोंडाजी संध्याकाळी घमेल्यात चुना कालवायला बसला. वाल्मीकने विचारले नाही. पाठीवरची थाप अजून गेली नव्हती. तो शिडी धरायला गेला तेव्हा कोंडाजी वर चढलेला होता आणि पिवळ्यावर पांढरे फासत होता. तेलरंगावर चुना नीट बसेना. एक हात झाला की खालून वेलांटी परत वर येई. तीन हात द्यावे लागले. वाल्मीकला प्रत्येक हात आपल्या तोंडावरून फिरल्यासारखा वाटला, आणि त्याच वेळी, लवकर बुजव, लवकर, असेही वाटत होते. सकाळी चुना वाळला. वाल्मीक म्हणाला, दे ब्रश, मी साधे लिहितो, शाळेतल्यासारखे.

"तू नगं," कोंडाजी म्हणाला. "तुजं अक्षर लई चांगलं हाय."

त्याने ते हळू आवाजात म्हटले. मोठ्या भावाचा मान राखून म्हटले. तिसरीतून शाळा सुटलेल्या कोंडाजीने डांबरात काथ्याचा कुंचला बुडवला आणि हातभर उंचीची, मोडकी, काटकुळी, एकमेकांपासून लांब उभी असलेली अशी पाच अक्षरे लिहिली. भिला वेलांटी पहिली काढली. वाल्मीकला ती चूक दिसली, तोंडापर्यंत आली, आणि त्याने ती गिळली. सारजाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने बोट वर केले. भि. म. न. ग. र. मग सगळा शब्द एकदम. पण ह्या वेळी तिने आजूबाजूला पाहिले नाही.

शेण त्याच रात्री पडले. सकाळी भिंत खालपासून वरपर्यंत हिरवी-काळी होती, माश्या बसल्या होत्या. ओरडाआरडा झाला नाही. कोंडाजीने विळ्याने खरवडायला घेतले. वाल्मीकची रजा संपत होती, दुपारची गाडी धरायची होती. पण तो उभा होता, त्याला काहीतरी काम हवे होते, आणि कोंडाजीने न वळता त्याला पाणी आणायला सांगितले. तो धरणाच्या काठावरून हंडे भरून आणू लागला. चढ होता. पँट गुडघ्यांपर्यंत भिजली, खांदा सोलवटला, शेणाच्या पाण्याचे शिंतोडे शर्टावर आले. त्याच्या मनात दर खेपेला तोच विचार येई, की हे नाव ह्यांना बरोबर वाचता आले. शेणवाल्यांना एकही अक्षर अडले नाही. दुपारपर्यंत भिंत धुऊन झाली. डांबर शिल्लक होते. कोंडाजीने परत लिहायला घेतले, तसेच, चुकीच्या वेलांटीसकट. आई खाली उभी राहून तो काढील ते अक्षर म्हणत होती. वाल्मीकने निघतो म्हणून सांगितले. कोंडाजी शिडीवरून म्हणाला, बरं. आई म्हणाली, जा, गाडी चुकंल.

थांबा म्हणजे रस्त्याच्या पलीकडे आडवा टाकलेला एक ओंडका होता. वाल्मीक त्याच्या एका टोकाला बसला; दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडून आलेला एक माणूस बसला होता, मधे गाठोडे ठेवून. पौडला लेकीकडे निघाला होता. बोलका होता. वरच्या अंगाला ह्या साली पावसाने भात कसे झोपवले ते त्याने सांगितले, जावई कसा आहे ते सांगितले, वाल्मीकच्या भिजलेल्या पँटकडे पाहून धरणात पडलात का म्हणून विचारले. वाल्मीक हसून उत्तरे देत होता. समोर कोंडाजी रचा पाय ओढत होता. माणूस ते बघत होता, ओठ हलवत होता.

"भिमनगर," तो म्हणाला. "हे कवा झालं?"

"काल," वाल्मीक म्हणाला. "परत आज."

"तुमी पुन्याचं न्हवं?"

"न्हाई. हितलाच."

"गावातलं?"

"न्हाई," वाल्मीक म्हणाला, आणि भिंतीकडे हात केला. "ह्या नगरातला. ओव्हाळ."

माणसाने मान हलवली. त्याने मधले गाठोडे उचलले, घाई न करता, आणि पलीकडच्या बाजूला आपल्या मांडीला लावून ठेवले. मग जावयाचे राहिलेले बोलणे पुढे चालू केले, रस्त्याकडे बघत. ओंडक्यावर गाठोड्याएवढी जागा रिकामी झाली होती. वाल्मीक सरकून तिच्यात बसला, भिजलेले पाय लांब केले, आणि गाडी येईपर्यंत तिथून हलला नाही.